आदिनमुन्याचे प्रथमदर्शन आणि त्याचे मोल

हाती धरण्याजोग्या खेळ-संगणकाचा आदिनमुना पाहताना प्रथमदर्शनी जे आकर्षक वाटते, ते वापरात कितपत टिकते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा ‘एक्सओ’ संगणक याचे बोधप्रद उदाहरण होय. भारतातील त्याचा एक आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा शाळेत झाला.

या यंत्राचा पडदा फिरवून मिटला की कळफलक झाकला जातो व बाजूच्या कळांनी खेळता येते. तथापि सुमारे दीड किलोग्रॅम वजनामुळे बालकास ते मांडीवरच ठेवणे सोयीचे. खरे नावीन्य पडद्यात आहे. मागील दिवा मालवला असता बाहेरचा प्रकाश परावर्तित होतो. रंग लोपतात, परंतु १२०० × ९०० बिंदूंचे कृष्णधवल चित्र भर उन्हात सुस्पष्ट दिसते आणि वीजही वाचते.

हाच गुण त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या शाळेत कितपत उपयोगी पडेल? तेथील दीर्घ पावसाळ्यात, अंधुक वर्गात दिवा लावावाच लागेल. मग विजेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पेरू देशातील ३१९ शाळांच्या पाहणीत (२०१२) या संगणकामुळे गणित व भाषा या विषयांत प्रगती आढळली नाही. सामान्य बौद्धिक कौशल्यांत मात्र काही सुधारणा दिसली. म्हणून आदिनमुन्याची परीक्षा प्रयोगशाळेच्या मेजावर न थांबता, तो जेथे वापरला जाणार तेथील ऋतू, वीज आणि अध्यापन यांच्या संदर्भात झाली पाहिजे.