विळा दगडाचाच राहिला

गोदावरीपलीकडच्या आपेगावात १९७६ साली उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्याबद्दल वाचल्यापासून तांबं हाताखाली कसं वागतं ते बघायचं होतं. म्हणून गेवराईच्या बाजारात भांडी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराशेजारी जाऊन बसलो.

काठ दबलेला हंडा होता. ठोके एका ओळीत पडत होते. आधी बद्द वाजणारा पत्रा हळूहळू खणखणू लागला, तसा कारागीर थांबला. "आता ताठलंय. आणखी ठोकलं तर चिरंल, बघा." काठ निखाऱ्यांवर लालसर झाला, निवला आणि पुन्हा हातोडीला वळू लागला. मग कल्हई. नवसागराचा पांढरा धूर नाकात झोंबला आणि कथील आतून झरझर पसरलं.

जोर्व्याच्या एका कुऱ्हाडीतही थोडं कथील सापडलं होतं. प्रवरेकाठच्या या गावावरून त्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला नाव मिळालं. काळ साधारण इ.स.पूर्व १४०० ते ७००. तिथल्या तांब्याचा हिशेब एका निवृत्त शिक्षकांनी मला तोंडपाठ सांगितला होता : सहा कुऱ्हाडी, एक बांगडी.

बाकी संसार दगडाचा. याच संस्कृतीच्या इनामगावला गारगोटीच्या पात्या ढिगाने निघाल्या. लोक जव पिकवत, पाटाने पाणी खेळवत. कापणीला मात्र लाकडात बसवलेली दगडी पातीच. दख्खनच्या काळ्या कातळात तांबं नाही. ते बहुधा राजस्थानातून येई. इतक्या लांबून आलेला जिन्नस रानात झिजवायला कोण देईल? नेवाशाच्या उत्खननात पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांमुळे तिचा दोराही टिकला होता. शेतीपेक्षा ऐपत आणि दूरदेशीची ओळख यांतच तांब्याने जास्त फरक पाडला, असं माझं मत.

कारागिराने कातरलेले तुकडे डब्यात टाकले. "मोड कुणी फेकीत नसतं." हे तेव्हाही खरं असणार. पाती तुटली की उकिरड्यावर, कुऱ्हाड मोडली की मुशीत. सहा कुऱ्हाडी, एक बांगडी हा वितळण्यातून वाचलेल्यांचा आकडा; वापरात किती होत्या, ते त्यावरून कळत नाही. तरी एवढं नक्की, की आटवून पुन्हा घडवावी इतकी मोलाची वस्तू ज्याच्या घरात होती, त्याचं घर शेजाऱ्याच्या घरासारखं राहिलं नसणार. त्याच्या रानातला विळा मात्र शेजाऱ्यासारखाच, दगडाचा.