आईला आधी विचारा

घंटा झाली की एखादं स्वमग्न मूल कान झाकून बाकाखाली का शिरतं, हे आईला आधीच ठाऊक असतं. कुकरच्या शिट्टीलाही ते तसंच करतं. म्हणून जूनमधली पहिली भेट बाईंनी फक्त ऐकण्यासाठी ठेवावी. बाबांनाही बोलवावं, नाहीतर सगळा भार आईवरच पडतो. पुढे दप्तरातून एक छोटी वही रोज ये-जा करू द्यावी. तीत तक्रारीआधी ‘आज डबा स्वतः उघडला’ असं काही लिहावं. शाळेचा निरोप म्हणजे तक्रारच, ही पालकांची धास्ती त्यानेच ओसरते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी लागणाऱ्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरताना बाईंनी पालकांशेजारी जरूर बसावं.