भिंतीवरचा नकाशा

नानांच्या ट्रंकेत आमच्या खाडीकाठच्या भागाचा जुना सर्वेक्षण नकाशा होता, एक इंचाला एक मैल या प्रमाणाचा. आमचं गाव त्यात नखाएवढं. पण नानांनी पेन्सिलीने आपल्या खुणा केल्या होत्या: गोड्या पाण्याची विहीर, तरीचा धक्का, आंबराईची हद्द. छापील नकाशात यातलं काहीच नव्हतं.

घर रंगवलं तेव्हा हौसेने मी तो प्लायवर पांढऱ्या गोंदाने चिकटवला. तासाभरात फुगे आले, दोन पावसाळ्यांत कागद पिवळा पडला. अम्मी रागावली नाही. फक्त बोटाने विहीर शोधत राहिली. ती नेमकी सुरकुतीत गेली होती. हा गोंद वाळला की सुटत नाही, ओढलं तर कागद फाटतो.

म्हणून पहिली गोष्ट: मूळ नकाशा कधीही पूर्ण चिकटवू नका. त्याची प्रत काढून ती फळीवर लावा. मूळ लावायचाच असेल, तर आम्लरहित पुठ्ठ्यावर फक्त वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्यांनी टांगता ठेवा. सेलोटेप नको, तिचा डाग राहतो. काच कागदाला टेकू देऊ नका. टेकली की दमट हवेत बुरशी धरते.

आता प्रत. फुगे का येतात? कागद ओला झाला की पसरतो, आणि एका दिशेला जास्त. कोरडाच चिकटवला तर तो फळीवर पसरू लागतो आणि सुरकुततो. म्हणून आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. इंकजेटची शाई बहुधा फुटते, तशी प्रत दुकानातून कोरड्या चिकट थराने लावून घ्यावी. शाई टिकली तर कागद पाठीमागून ओलसर करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग शिजवून गार केलेली खळ लावा. मधून कडेकडे हात फिरवा. वाळताना कागद आकसतो आणि फळीला बाक देतो. तेव्हा मागच्या बाजूलाही तेवढाच साधा कागद त्याच खळीने चिकटवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. जुन्या कागदाच्या वाटेला ते जाऊ देऊ नका, तांब्याने कागद ठिसूळ होतो.

भिंत निवडताना ऊन आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही टाळा.

खराब झालेल्या नकाशाचाच फोटो काढून मी नवी प्रत लावली. पेन्सिल अम्मीच्या हातात दिली. तिने विहीर मांडली, तर मामू म्हणाले, "छे, ती मशिदीच्या पलीकडे होती." वाद अजून मिटलेला नाही.