घरातील फ्लूचा बंदोबस्त

महाराष्ट्रात इन्फ्लुएंझाचा जोर मुख्यतः पावसाळ्यात व पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस वाढतो. आणि २००९ च्या ऑगस्टात पुण्यात ज्या एच१एन१ विषाणूने देशातील पहिला बळी घेतला, तोही आता हंगामी विषाणूंच्या दफ्तरी कायमचा दाखल झाला आहे.

प्रसार : लक्षणे प्रकट होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रुग्णापासून संसर्ग होऊ शकत असल्याने, त्याच्या निजण्याची व्यवस्था शक्य तर निराळ्या, हवेशीर खोलीत करावी, तो व त्याची शुश्रूषा करणारा, उभयतांनी मुखपट्टी बांधावी आणि हात साबणाने निदान २० सेकंद धुवावेत.

लस : विषाणूचे स्वरूप पालटत असल्यामुळे ती प्रतिवर्षी घ्यावी लागते, आणि तिचे संरक्षण सिद्ध होण्यास सुमारे दोन आठवडे लागत असल्याने ती पावसाळ्यापूर्वीच घेणे श्रेयस्कर. सहा महिन्यांखालील अर्भकास ती देता येत नाही. मात्र मातेने गरोदरपणी घेतलेली लस जन्मानंतर काही महिने त्याचेही रक्षण करते.

औषध : प्रतिजैविके विषाणूवर निष्प्रभ ठरतात. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन कदापि देऊ नये. डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर सांगितल्यास ते पहिल्या ४८ तासांत सुरू करणे अधिक गुणकारी.

तातडी : धाप, छातीतील वेदना, ओठांवरील निळसर झाक, गुंगी किंवा अर्भकाने दूध सोडणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच, आणि वृद्ध, गरोदर स्त्री, मधुमेही वा दमेकरी यांच्या बाबतीत तर विशेषेकरून, घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.