एक लाखाच्या बिलाचा प्रवास

कंपनीतल्या डिझायनरला पैसा दिसतो तो महिन्यातून एकदा, बँकेच्या मेसेजमध्ये. त्या मेसेजमागे कोणीतरी क्लायंट गाठलेला असतो, कोणीतरी करार वाचलेला असतो, कोणीतरी थकलेल्या बिलासाठी दहा फोन केलेले असतात. स्वतःचा स्टुडिओ काढला की ही सगळी माणसं आपल्यालाच व्हावं लागतं. डिझाइन जमेल का, ही शंका बहुतेकांना नसते. अडतं ते या बाकीच्या कामांत, म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल.

वाट तशी जुनी आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमचं बोधचिन्ह करणारे सुदर्शन धीर जाहिरात संस्थांमधल्या नोकऱ्यांनंतर १९७४ मध्ये मुंबईत ‘ग्राफिक कम्युनिकेशन कन्सेप्ट्स’ घेऊन स्वतंत्र झाले. १९८९ मध्ये पुण्यात ‘एलिफंट डिझाइन’ सुरू झालं, ते राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) शिकलेल्या तरुण मंडळींच्या हातून.

राजीनामा देण्याआधी नेमणूकपत्र काढून शांतपणे वाचावं. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं कलम बघून अनेकांना घाम फुटतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं, आणि नोकरीत असताना बाहेरची कामं न करण्याचंही. कंपनीसाठी केलेली डिझाइन्स कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कंपनीची असतात; ती पोर्टफोलिओत दाखवायची तर निघण्यापूर्वी ईमेलवर परवानगी घ्यावी. निघून गेलेल्या माणसाच्या ईमेलला उत्तर द्यायची घाई कोणालाच नसते.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते, तेव्हा चार वर्षं दहा महिन्यांवर तडकाफडकी निघण्यात शहाणपण नाही. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो; त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज वेळेत करावा लागतो. गृहकर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवर घ्या. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर आणि फॉन्टसुद्धा कंपनीच्या परवान्यावर असतात. देवनागरीपुरतं सांगायचं तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे खुल्या परवान्याचे फॉन्ट धंद्याच्या कामात विनामूल्य वापरता येतात. सुरुवातीला तेवढाच आधार.

आता दर. पगाराला दिवसांनी भागून दर ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी पद्धत. समजा वर्षाला १२ लाख हवेत. कामाचे दिवस २६०, म्हणजे रोजचे साधारण ४,६०० रुपये. पण सण, सुट्ट्या, आजारपण यांत तीसेक दिवस जातात. उरलेल्या २३० पैकी निम्मे दिवस कोटेशन, भेटीगाठी, हिशेब आणि वसुलीत जातील असं धरूनच चालावं. बिल लावता येतील असे दिवस उरतात ११५. भाडं, सॉफ्टवेअर, विमा, प्रवास यांचे ४ लाख धरले तर १६ लाख भागिले ११५, म्हणजे दिवसाला जवळपास १४,००० रुपये. हा आकडा क्लायंटला सांगायचा नसतो. त्याला कामाची एकरकमी किंमत सांगायची. पण ती ठरवताना हा आकडा डोक्यात नसेल, तर पहिलं वर्ष आपण आपल्याच खिशातून क्लायंटला सवलत देत राहतो.

नोंदणीचं प्रकरण वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. एकट्याने काम करायचं तर प्रोप्रायटरशिप पुरते. मित्रासोबत असाल तर भागीदारीचा लेखी करार किंवा एलएलपी. पुण्यात ज्याला शॉप अ‍ॅक्ट म्हणतात आणि मुंबईत गुमास्ता, त्यासाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असल्यास ऑनलाइन सूचना देणं पुरतं. त्याची पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंद, फुकट असते. तिचे पैसे मागणारी साइट सरकारी नाही.

यापेक्षा जास्त वेळ द्यावा तो कराराला. नोकरदाराचं काम आपोआप कंपनीचं होतं. स्वतंत्र डिझायनरच्या बोधचिन्हाचं तसं होत नाही. ते क्लायंटच्या मालकीचं व्हायचं तर हस्तांतर लेखी लागतं. आणि कराराच्या मसुद्यात बहुतेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट अशी, की मुदत लिहिली नसेल तर कायदा हे हस्तांतर पाच वर्षांपुरतं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. दुबईत दुकान काढू पाहणाऱ्या मिठाईवाल्याला हे आधी कळलेलं बरं. डिझायनरच्या फायद्याचं वाक्य एकच: हक्क शेवटचा हप्ता मिळाल्यावर हस्तांतरित होतील. फेरबदल किती वेळा, हेही आकड्यात लिहावं. ‘समाधान होईपर्यंत’ असं लिहून दिलेलं काम संपत नाही.

आता ते लाखाचं बिल. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर फॉर्ममध्ये तो रकाना असतो आणि रिकामा रकाना त्यांच्या अकाउंट्स खात्याला आवडत नाही. समजा नोंदणी केली. फी १,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल १,१८,००० रुपयांचं. क्लायंट मूळ फीवर टीडीएस कापतो, व्यावसायिक फी म्हणून धरली तर १० टक्के. खात्यात येतात १,०८,०००. त्यातले १८,००० सरकारचे, आपल्याकडे फक्त थांबलेले. हाताशी राहतात ९०,०००. कापलेले १०,००० बुडत नाहीत; ते आपल्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना वळते होतात. ते खरंच जमा झालेत का, हे मात्र दर तिमाहीनंतर आयकराच्या पोर्टलवर बघावं.

खरी मेख तारखांमध्ये आहे. जीएसटीची देणेदारी बिल काढलं की लागते, पैसे आले की नव्हे. मार्चमध्ये बिल काढलं, दरमहा विवरणपत्र भरत असाल तर २० एप्रिलला १८,००० भरायचे. क्लायंटचे पैसे जूनमध्ये येणार असले तरी. म्हणून आधी प्रोफॉर्मा पाठवून रक्कम आणि तारीख पक्की करायची आणि मग करबिल काढायचं, असा रिवाज आहे. तो फार ताणता येत नाही, कारण काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत करबिल काढावं लागतं. आगाऊ रक्कम घेतली तर तिच्यावरही जीएसटी लागतो. तरीही आगाऊ घ्यावीच, निम्मी जमली तर निम्मी.

थकलेल्या पैशांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. चालू क्लायंटवर हे हत्यार सहसा कोणी उपसत नाही, आणि उपसूही नये असं माझं मत. पण आयकराच्या एका तरतुदीमुळे अशा सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चमध्ये समोरचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो. फुकटच्या नोंदणीचा एवढा फायदा पुष्कळ झाला.

आयकरात एक सोय ऐकायला मिळते: ५० लाखांपर्यंत, किंवा रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा धरा आणि वह्यांच्या कटकटीतून सुटा. पण ही सोय ठरावीक व्यवसायांना आहे. त्या यादीत वास्तुरचना आहे, अंतर्गत सजावट आहे. ग्राफिक डिझाइन नावानिशी नाही. कोणी सीए ते तांत्रिक सल्ल्यात बसवतात, कोणी सामान्य धंद्याच्या तरतुदीत नेतात. पहिलं विवरणपत्र भरण्यापूर्वी हे आपल्या सीएकडून लेखी घ्यावं, म्हणजे दर वर्षी नवा वाद नको.

वर्षभरात काम अंगावर येऊ लागलं की पहिला विचार येतो तो मदतनिसाचा. नोकरीवर माणूस घेण्याआधी बहुतेक जण फ्रीलान्स चित्रकर्तीकडून चित्रं करून घेतात. इथे तोच कॉपीराइट कायदा उलट्या बाजूने लागू होतो. तिने काढलेली चित्रं लेखी हस्तांतराशिवाय आपली झाली असं खात्रीने म्हणता येत नाही आणि म्हणून आपल्याला ती क्लायंटला निर्धास्तपणे देताही येत नाहीत. तेव्हा तिचा एक पानी करार क्लायंटच्या कराराआधी व्हावा, आणि आपली आगाऊ रक्कम आली त्याच आठवड्यात तिचीही जावी.