हायड्रोजन जिरवणारी जाळी

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ पासून आहे. त्याच तारापूरला न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने एका उपकरणाच्या चाचण्यांसाठी खास सोय उभारली. हे उपकरण म्हणजे पोलादी पेटी. खालून उघडी, वरून उघडी, आत उभ्या लावलेल्या धातूच्या जाळ्या. पंखा नाही, बटण नाही, विजेची जोडणीही नाही. हवेत हायड्रोजन साठू लागला की त्याचं पाणी करून टाकायचं, एवढंच तिचं काम. ते काम करतो जाळीवरचा प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा पातळ थर. हा उत्प्रेरक घडला ठाण्याच्या खाडीच्या मुखाजवळ, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात.

अणुभट्टीत हायड्रोजन येतो कुठून? इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात. थंड करणारं पाणी बंद पडलं आणि तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो. या क्रियेतून आणखी उष्णता निघते, म्हणजे संकट स्वतःलाच खतपाणी घालतं. हवेत हायड्रोजन सुमारे ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रात १२ तारखेला पहिल्या, १४ ला तिसऱ्या आणि १५ ला चौथ्या युनिटची इमारत फुटली, ती या वायूमुळे. तिथली वीजच गेलेली होती, हे विसरता कामा नये. म्हणून विजेवाचून चालणारं काहीतरी हवं, हा आग्रह त्यानंतर जगभर वाढला आणि भारतातल्या अणुभट्ट्यांतही अशा पेट्या बसवण्याचं ठरलं.

आता जाळीजवळ जाऊन पाहू. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका बाटलीत भरून ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला वर्षानुवर्षं काही होत नाही. दोघांना एकमेकांची ओढ आहे, पण त्याआधी प्रत्येकाच्या रेणूतली अणूंची जोडी तुटावी लागते आणि त्या जोड्या घट्ट असतात. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू टेकला की तो जवळजवळ विनासायास दुभंगतो. त्याचे दोन अणू धातूच्या अणूंना धरून इकडेतिकडे सरकत राहतात. ऑक्सिजनचंही तसंच. मग एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन भेटतात, त्यांना दुसरा हायड्रोजन येऊन मिळतो आणि पाणी तयार होतं. पाण्याला प्लॅटिनम फारसं धरून ठेवत नाही. ते उडून जातं, जागा रिकामी होते, पुढचा रेणू येतो.

या धातूचं खरं मोल मला इथे दिसतं. तो धरतो, पण जखडत नाही. टंगस्टन ऑक्सिजनला असा कवटाळतो की स्वतःच ऑक्साइड होऊन बसतो. सोनं हायड्रोजनला दादच देत नाही. प्लॅटिनम या दोन टोकांच्या मध्ये आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी १८२३ मध्ये सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तेव्हा धातू तापून लाल झाला आणि वायू पेटला. त्यावरून त्यांनी काडीशिवाय पेटणारा दिवाही बनवला. पेटीत नेमकं उलट साधायचं असतं: क्रिया तीच, पण ज्वाला नको.

हा सगळा व्यवहार पृष्ठभागावरच होतो, आतले अणू नुसते बसून असतात. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच एका ग्रॅमचे तीन नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर गणिताने सुमारे ९३ चौरस मीटर होतात, म्हणजे डोंबिवलीतल्या हजार चौरस फुटांच्या फ्लॅटएवढे. एवढ्या महागड्या धातूवरच्या संशोधनाचा मोठा भाग त्यामुळे कण बारीक ठेवण्यात आणि ते एकमेकांना चिकटून मोठे होऊ न देण्यात जातो.

कण बसवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचं द्रावण पिवळसर नारिंगी असतं. त्यात प्लॅटिनम आयनांच्या रूपात विरघळलेलं असतं. त्यात क्षपण करणारं द्रव्य घातलं की विरघळलेला धातू सुटा होतो. स्टेनलेस स्टीलची स्वच्छ केलेली जाळी अशा द्रावणात ठेवली की धातू तिच्यावर बसतो, जाळी काळपट दिसू लागते आणि द्रावणाचा रंग उतरत जातो. विजेचा प्रवाह लागत नाही. याच धातूंवर ट्रॉम्बेलाच रसायनशास्त्रज्ञ डॉ. विमल के. जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या दिशेने काम केलं. त्यांनी प्लॅटिनम किंवा पॅलेडियमला गंधक, सेलेनियम, टेल्युरियम यांच्याशी जोडलेले रेणू घडवले. असा रेणू तापवला की बाकीचे भाग उडून जातात आणि धातूचं सल्फाइड किंवा सेलेनाइड उरतं. मूलद्रव्यं आधीच एकत्र बांधलेली असल्याने ती वेगवेगळी आणून मिसळावी लागत नाहीत. रेणू मुळात कसा घडवला, यावर पुढे हाती येणारा पदार्थ अवलंबून असतो.

पेटीकडे परत येऊ. जाळीवर पाणी तयार होताना उष्णता सुटते: एक किलो हायड्रोजनमागे सुमारे १२० मेगाज्यूल. जाळी तापते, तिच्याजवळचा वायू हलका होऊन वर निघतो, पेटीच्या धुराड्यातून बाहेर पडतो आणि खालून नवा वायू आत ओढला जातो. हायड्रोजन जितका जास्त, तितका ओघ जोरात. ज्या वायूपासून धोका आहे तोच पेटी चालवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. अपघातात सगळीकडे वाफ असते. थंड जाळीवर पाण्याचा थर बसला तर सुरुवात रेंगाळते. वितळलेलं इंधन काँक्रीटवर पडलं तर कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो आणि त्याला प्लॅटिनम इतकं घट्ट धरतं की हायड्रोजनला जागाच उरत नाही. आयोडीनचाही त्रास होतो. सगळ्यात मोठी काळजी उलट बाजूची: हायड्रोजन फार वाढला तर जाळी इतकी तापू शकते की तीच ठिणगी ठरेल. म्हणून उत्प्रेरक वेगवान असणं पुरत नाही. पेट्या किती लावायच्या आणि कुठे, हेही तितकंच मोजूनमापून ठरवावं लागतं.

हायड्रोजन दुभंगण्याची हीच करामत रसायनांच्या धंद्यातही चालते, आणि डोंबिवली एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना ती जवळची वाटावी. रंगांची आणि औषधांची इंटरमिजिएट्स बनवताना नायट्रो गट बदलून अमाइन करायचा असतो. जुन्या पद्धतीत लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरतात आणि मागे काळ्या गाळाचे ढीग उरतात. कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम आणि हायड्रोजन वापरला, तर त्या गाळाऐवजी सोबत फक्त पाणी तयार होतं. रेणूवर क्लोरीन असेल तर पॅलेडियम तोही काढून टाकण्याची भीती असते. प्लॅटिनम त्याला सहसा हात लावत नाही. दाबाखालचा हायड्रोजन सांभाळायला चांगली यंत्रणा आणि जाणती माणसं लागतात, तो खर्च खरा आहे. पण गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न ज्या गावांच्या नाल्यांशी येऊन थांबतो, त्यांच्या बाजूने पाहिलं तर तो खर्च मला रास्त वाटतो.

अणुभट्टीतल्या पेटीची तब्येत पाहण्याची रीत सोपी आहे. देखभालीसाठी भट्टी बंद ठेवली जाते, तेव्हा काही उत्प्रेरक नमुन्यादाखल बाहेर काढतात आणि त्यांच्यावरून पेट घेऊ शकणार नाही इतका थोडा हायड्रोजन मिसळलेली हवा सोडतात. ठरलेल्या वेळात तापमान चढलं, तर ते परत जागेवर जातात. चढलं नाही, तर आधी तापवून वर साचलेली घाण घालवायची, आणि तरीही ते जागे झाले नाहीत तर नवे बसवायचे.