दिल, डायनामाइट आणि साप!

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती इवलीशी गोळी. माहीत आहे का, तिच्या खानदानात चक्क डायनामाइट आहे? डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन छातीतल्या कळांवरही चालतं, हे लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनी १८७९ मध्येच छापून टाकलं. आता ट्विस्ट! डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल स्वतः हृदयविकाराने आजारी पडले आणि डॉक्टरांनी लिहून दिलं... नायट्रोग्लिसरीन! फक्त नाव बदलून, ‘ट्रायनायट्रिन’. लोकांनी घाबरू नये ना!

साइड इफेक्ट? डोकं ठणकणं. स्फोटकांच्या कारखान्यात सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलेल्या कामगारांचंही डोकं असंच भणभणायचं. अस्सल ‘मंडे ब्लूज’! आणि या औषधामागचं नायट्रिक ऑक्साइडचं कोडं सोडवणाऱ्या तिघांना १९९८ मध्ये काय मिळालं? नोबेल!

चला, आता साप. बीपीवरचं कॅप्टोप्रिल सुचलं ते ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून. या कुळातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. पण मनाने गोळी सोडायची नाही हं! डॉक्टरांना सांगा, बदली खेळाडू तयार असतो.

दुसरा साप फक्त नावात, आणि तो आपल्या मुंबईचा! सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगाला सांगितलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळक हवं! या औषधाने नाक चोंदायचं, काहींचं मनही खचायचं, म्हणून आज ते मागे पडलंय.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन आधी उंदीर मारायला विकलं जायचं, माहीत होतं? १९५५ च्या हार्ट अटॅकनंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं गेलं.

मिनॉक्सिडिल बीपीसाठी आलं, पण अंगावर केस उगवू लागले. आज टकलावर त्याचंच राज्य!

प्रोप्रानोलॉल धडधड कमी करतं, हाताचा कंपही. म्हणूनच नेमबाजीत बंदी! २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते सापडलं आणि उत्तर कोरियाचा नेमबाज किम जाँग सू याची दोन पदकं गेली.

आणि ईसीजी? त्याचे जनक आइंटहोव्हेन यांचं यंत्र सुमारे २७० किलोंचं, चालवायला पाच माणसं! पेशंटचे हातपाय मीठपाण्यात. त्याआधी लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय अशाच पाण्यात ठेवून हृदयाची वीज दाखवली होती. १९०९ मध्ये ब्रिटिश संसदेत सवाल उठला: कुत्र्याचा छळ होतोय का? मंत्र्यांचं उत्तर: छे, पाण्यात नुसतं स्वयंपाकाचं मीठ होतं!